ओंजळभर माती

"बाबांचा पुतळा नाहीसा झालाय. मामा, आत्ताच्या आत्ता ये!"

धाकट्या भाचीचा फोन. मामा फौजदारकीतून निवृत्त झाले होते, तरी तडक निघाले. तिच्या दिवंगत वडिलांचा भाजलेल्या मातीचा अर्धपुतळा धाकटीनंच घडवलेला. संध्याकाळी अनावरणाला पाहुणे येणार होते आणि पडवीत नुसताच चौथरा उरला होता.

"फाटकाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला," आई म्हणाली.

"म्हणजे चीज आवारातच आहे," मामा म्हणाले.

धाकटीचा नवराही मूर्तिकार. त्याची कामं कोपऱ्यात धूळ खात पडलेली.

"जावईबापू, बायकोचं कौतुक खुपतं?"

"खुपतं ना. खोटं कशाला बोलू? पण सकाळपासून मी सासूबाईंसोबत खुर्च्या मांडतोय."

आईनं होकारार्थी मान हलवली.

थोरली भाची अंगणात नव्या रोपाला पाणी घालत होती.

"आजच लावलंस?"

"हो, सकाळी. बाबांच्या नावानं."

"माती किती निघाली?"

"रोप ते केवढं! जेमतेम घमेलंभर. तीच परत लोटली."

"आणि भिंतीकडेचा तो ढीग?"

"त्यातलीच. ओंजळभर उरली."

मामांनी घमेलं मागवलं, फावडं हाती घेतलं. एक भरलं. दुसरं भरलं. तिसरं शिगोशीग भरलं, तेव्हा कुठे जमीन दिसली.

"घमेलंभर काढली, तीच परत लोटली, तर तीन घमेली उरली कशी?" मामा हळू आवाजात म्हणाले. "खड्डा मोठा होता, पोरी. आणि ह्या तीन घमेल्यांची जागा आत दुसऱ्याच कशानं तरी घेतलीय. रोप उपटू, की तू सांगतेस?"

थोरलीनं झारी खाली ठेवली.

"दोन वर्षं त्यांना मी भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ही सणासुदीच्या पाहुण्यासारखी यायची. आता तिनं मातीत त्यांचं तोंड काढलं, तर गाव तिलाच म्हणणार, लेक असावी तर अशी!"

मामांनीच उकरलं. पुतळा शाबूत निघाला. धाकटीनं पदरानं चेहरा पुसला.

"फोटोवरून केला गं ताई," ती शेवटी म्हणाली. "काहीतरी चुकलंय. काय ते कळत नाही."

"डावा डोळा. शेवटी शेवटी तो मिटतच नव्हता."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

थोरलीनं पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ पाहिलं.

"तू विचारलंस कधी?"