साखळीतली मोकळी जागा

लाइट गेले होते म्हणून आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी, माझी चुलत बहीण सुकन्या आणि धाकटा महांतेश. बसलिंगप्पा आजोबा सुपारी कातरत होते. महांतेशनं भुताची गोष्ट मागितली.

"भूतबित मला ठाव न्हाई," आजोबा म्हणाले. "बांधकामावर जाणाऱ्या केरबानं सांगितलेलं सांगतो. केरबा खोटं बोलत न्हाई. त्याला तेवढं सुचतच न्हाई."

आम्ही हसलो. मग त्यांनी सांगितलं ते असं.

मागच्या नोव्हेंबरातली चौदा तारीख, शुक्रवार, वद्य दशमी. केरबा सकाळी घमेली आणायला निलंग्याला गेला. औराद रस्त्याच्या कडेला, ओढ्यालगतच्या रानात, शेतकऱ्यांच्या रेडिओ केंद्राचा टॉवर उभा राहणार होता आणि त्याच दिवशी पायाचं काँक्रीट भरायचं होतं. दुकानात नवी घमेली चारच मिळाली. बाकीची त्यानं दुसऱ्या एका कामावरून उचलली. जुनी, काठ फाटलेली.

काळं रान. पावसाळा संपला तरी पाझर थांबला नव्हता. आठ फूट खोल खड्ड्यातलं पाणी डिझेलचा पंप सारखा उपसत होता. काँक्रीटची मोठी गाडी चिखलात रुतली असती, म्हणून मिक्सर रस्त्यावरच ठेवला आणि तिथून खड्ड्यापर्यंत माणसांची साखळी लावली. भरलेलं घमेलं हातोहात पुढं जायचं, रिकामं हातोहात मागं यायचं. खड्ड्याच्या काठावर शेवटचा केरबा. माल ओतणारा तोच.

"एकदा सुरू केलं की थांबायचं न्हाई," मुकादम रविकिरणनं बजावलं. "मधी थांबलं, पाणी चढलं, तर पाया वाया. इंजिनियर सगळा फोडायला लावंल."

केरबाच्या अलीकडे चंद्रप्पा होता. पण दोघांच्या मधे एका माणसाएवढी जागा मोकळी होती. ती नागुबाईची, चंद्रप्पाच्या बायकोची. बारा वर्षं दोघं जोडीनं कामाला जात. साखळीत ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला असायची. श्रावणात ती तापानं गेली. तेव्हापासून चंद्रप्पा कुठंही उभा राहिला, तरी डावीकडे तेवढी जागा सुटायची. मुद्दाम नव्हे. पायच तसे थांबायचे.

"चंद्रप्पाकाका, सरका की! मधून काय बैलगाडी न्यायची हाय?" साखळीतलं एक पोरगं ओरडलं.

सगळे हसले. चंद्रप्पा "हाव, हाव" म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. केरबा दर घमेल्याला दोन पावलं पुढं जाऊन माल घेत राहिला.

दुपारी तीनला सुरू झालेलं काम अंधार पडला तरी संपेना. बांबूला बल्ब टांगून सगळे राबत होते. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइट गेले.

पंप चालूच होता. मिक्सरही डिझेलवरचा.

"थांबू नका रे!" रविकिरणचा आवाज आला. "माल येऊ द्या!"

काठ निसरडा झाला होता. अंधारात पाऊल टाकायची केरबाला भीती वाटली. तो जागेवरच हात पुढं करून उभा राहिला.

घमेलं हातात आलं.

त्यानं ओतलं. रिकामं मागं धरलं. ते घेतलं गेलं. पुन्हा भरलेलं आलं.

"सरकलात का शेवटी, मामा? बरं झालं."

"मी न्हाई सरकलो." चंद्रप्पाचा आवाज दोन पावलं लांबून आला. "तूच तर पुढं येऊन घ्यायलास."

केरबा तर जागचा हलला नव्हता.

घमेली कमरेच्या उंचीला येत होती. चंद्रप्पा उंच. तो छातीशी द्यायचा. आणि आणखी एक. संध्याकाळपर्यंत फाटक्या काठांनी केरबाची बोटं चिरून निघाली होती. आता फाटका काठ दर वेळी पलीकडे, देणाऱ्याच्या बाजूला असायचा. घमेलं तसं फिरवून देणारी एकच बाई त्यानं पाहिली होती.

चंद्रप्पालाही कळलं असावं. त्याचा श्वास ऐकू यायला लागला. मग त्यानं कानडीत, अगदी हळू विचारलं,

"बंदेया?"

आलीस का?

पंपाची धडधड.

"घरी कुणी बोलायला बी न्हाई गं..."

घमेलं आलं. ओतलं. गेलं.

"मी येऊ?"

चिखलात पाऊल वाजलं. काठाच्या दिशेनं. मग आणखी एक. खाली ओलं काँक्रीट. उभ्या सळया. केरबाला ओरडायचं होतं. रिकामं घमेलं त्यानं तसंच मागं धरलं होतं...

ते हातातून खसकन ओढलं गेलं.

पत्रा कशावर तरी आदळला. चंद्रप्पाच्या छातीवर.

पावलं थांबली.

"घेतो गं," चंद्रप्पा म्हणाला. आवाज रडवेला, पण बायकोशी बोलायचा तो जुनाच. "ढकलू नको. घेतो."

पावलं मागं गेली. आपल्या जागी.

साडेदहाला पाया भरला. थोड्या वेळानं लाइट आले. केरबा आणि चंद्रप्पाच्या मधे मोकळी जागा होती, पहिल्यासारखीच. काम पुरं झालं म्हणून मुकादमानं सगळ्यांना भात-आमटी आणि बुंदी वाढली. चंद्रप्पानं भात दोनदा मागून घेतला. श्रावणानंतर पहिल्यांदाच.

इथं आजोबा थांबले. अडकित्ता हातात तसाच उघडा.

"अन् मग?" सुकन्यानं विचारलं.

"सकाळी केरबा भरलेल्या पायावर पाणी मारायला गेला. सगळं रान ओलं. टाच टेकली की पाणी वर यायचं. अन् त्या दोघांच्या मधल्या जागेला, दोन पावलं मावतील एवढी माती कोरडी. फुफाट्यासारखी. केरबानं वाकून हात लावला..."

महांतेश माझ्या जवळ सरकला. आजोबांनी अडकित्ता मिटला.

"गरम होती."