टपावरचा एसी आणि तीन पातेली

हे सगळं क्लेट लिहिणारच नव्हता. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली. कॅम्परच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या टपावर कुठला एसी बसवायचा, यात कसलं आलंय साहस? कोण वाचणार?

पण मग त्याला ती दुपार आठवली. ड्वेनमामा नव्या एसीच्या खोक्यावर चाकू चालवणार, एवढ्यात ओडेल ओरडला होता, “मामा, थांब! खोकं फोडलं तर दुकानदार परत घेणार नाही!”

“परत द्यायचंय कुणाला?” मामा हसला. “दुकानातला सगळ्यात मोठा एसी उचललाय! आता मीमॉला जूनमध्ये स्वेटर लागेल!”

टेक्सासातला जून म्हणजे नुसती भट्टी. नदीकाठचं ते कॅम्पिंगचं मैदान क्लेट आणि मार्ली या भावंडांच्या आईबाबांचं. ओडेल, त्याची आजी मीमॉ आणि मामा लबक शहराहून सुट्टीसाठी कॅम्पर ओढत आले होते, आणि आठवडा व्हायच्या आत त्यांचा जुना एसी कण्हत कण्हत जळाला. मीमॉचं हृदय नाजूक. ती सकाळपासून मैदानातल्या कपडे धुण्याच्या खोलीत बसून होती, मानेवर ओला टॉवेल टाकून. तेवढी एकच खोली गार! आज एसी चालला नाही, तर उद्या सगळं आवरून परत लबक. ओडेलची सुट्टी खलास!

“मला एक कळत नाही,” मार्ली म्हणाली. “सकाळी झक्कास चालणारा एसी दुपारीच का कण्हायचा?”

“आणि तेव्हा दिवेपण मंद व्हायचे,” ओडेल म्हणाला.

“म्हातारा झाला होता तो,” मामा म्हणाला.

“आणि दिवे? तेपण म्हातारे?”

“ए चिमणे, डोकं खाऊ नकोस! मी शिडी आणतो.” मामा गेला.

क्लेटचे डोळे चमकले. “अरे, खांब! प्रत्येक कॅम्परला त्याच्या खांबातून वीज मिळते, पण ठरलेली. कुणी जास्त खेचली की विजेचा दाब घटतो. एसी कमी दाबावर धडपडतो, आणि जळतो!”

“म्हणजे आमची वीज कुणीतरी पळवतंय?” ओडेल ताडकन उठला.

शोध सुरू! कॅम्परच्या बाहेरच्या भिंतीवर एक सॉकेट होतं. त्यात जाडजूड वायर खोचलेली. ती कॅम्परखाली जाऊन हिरव्या चटईखाली गडप झाली होती. क्लेट पोटावर सरपटत आत घुसला.

“दिसलं काही?”

“हो... पण माझी पँट अडकलीय!”

“ओढू का?”

“नको! फाटेल! अरे नको म्हणतोय ना...” टर्रर्र!

पँटची वाट लागली, पण वायर सापडली. ती पिकानच्या झाडामागे एका घडीच्या टेबलापर्यंत गेली होती. टेबलाला जमिनीपर्यंत कापड. मार्लीने ते उचललं. खाली विजेवर चालणारी तीन भलीमोठी पातेली, रटरट शिजणारी!

“चिली!” तिघं एकदम म्हणाले.

शनिवारी चिलीची, म्हणजे तिखटजाळ मांसाच्या रश्श्याची, स्पर्धा होती. आपली चिली कशी बनते हे इथं कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. आणि टेक्सासात तिच्यात राजमा घालणं म्हणजे महापाप!

“ए! नाकं आवरा!” शेजारच्या कॅम्परमधल्या मिस लुएला डाव उगारत आल्या. “कृती चोरायला आलात?”

“मॅम, ही तिन्ही तुमची?” क्लेटने मागून पँट धरत विचारलं.

“छे! माझं लाल. स्पर्धेच्या सरावाला रोज दुपारी लावते. सावली होती, सॉकेट होतं. एका पातेल्याने काय होतंय? मग बघते तर पलीकडच्या कॅम्परमधल्या कॉबने त्याचं निळं आणून ठेवलेलं! मी बोलले नाही, तोही बोलला नाही.”

“आणि हे काळं?”

“काय की बाई!”

मार्लीने ओठावर बोट ठेवलं. मग बेंबीच्या देठापासून ओरडली, “अरे देवा! काळ्या पातेल्यात राजमा पडला!”

धाडकन शिडी आपटली. ड्वेनमामा सुसाट धावत आला. “राजमा? माझ्या चिलीत? टेक्सासच्या चिलीत राजमा? कोण आहे तो हरामखोर?” त्याने झाकण उचललं. राजम्याचा एक दाणा नाही! मग त्याने वर पाहिलं. चौघं त्याच्याकडे बघत होते.

त्याचे कान लालबुंद झाले.

“मामा,” ओडेल हळू म्हणाला, “मीमॉचा एसी आपल्याच चिलीने जाळला.”

मामा मटकन बसला. “मला वाटलं, माझ्या एका पातेल्याने काय बिघडणार...”

“आणि तो मोठा एसी आणखी वीज खातो,” क्लेट म्हणाला. “शिवाय तुमची खोली छोटी. तो भसकन गार करून थांबेल आणि हवेतली चिकचिक तशीच राहील. मधल्या आकाराचा आणा. दोन्हींना टपावरचं भोक एकाच मापाचं लागतं!”

मामाने चाकू मिटला आणि न फोडलेलं खोकं पिकअपमध्ये चढवलं.

ऊन कलायच्या आत मधला एसी टपावर बसला. पातेली क्लबघराच्या स्वयंपाकघरात गेली, तिन्ही एका रांगेत! मिस लुएला आणि कॉब आता उघड उघड एकमेकांच्या चिलीचा वास घेत होते. क्लेटचे बाबा म्हणाले, “खांब माझे, पण वायर तुम्हाला दिसली! शाब्बास!”

थोड्या वेळाने कॅम्परमधून मीमॉचा आवाज आला, “ड्वेन! तो एसी कमी कर! आणि त्या तीन हुशार लेकरांना पीच पाय दे. तुला नाही!”

पायरीवर बसून पीच पायचे गोड, खुसखुशीत तुकडे खाताना ओडेल म्हणाला, “लबकमध्ये कुणाचा विश्वास बसणार नाही रे. लिहिशील हे?”

“लिहीन.”

“पँट फाटली तेसुद्धा?”

क्लेटने लांब श्वास घेतला. “तेसुद्धा. शप्पथ!”