भाड्याने घेतलेले वडील

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही.

गेल्या मे महिन्यातली, सोलापुरातली, टळटळीत दुपारची आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाकडून वर्गणी गोळा करायची नाहीये. पण यात एक शब्द वाढवलेला नाही. उलट दोन-चार शिव्या गाळल्यात.

होटगी रोडला चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आमचं म्हणजे खरं तर कुणाचंच नाही. ज्याला तासा-दोन तासांपुरतं ऑफिस लागतं, त्याला आम्ही ते भाड्याने देतो. टेबल, खुर्च्या, चहा, दारावर त्याच्या कंपनीची पाटी. त्याचे क्लायंट आले की मी उठून म्हणते, "सर आत वाट बघतायत." सर माझे नसतात आणि ऑफिस सरांचं नसतं. क्लायंट लिफ्टमध्ये शिरले की पाटी खाली.

या नोकरीत माणूस पटकन वाचता येतो. ज्याचा धंदा पक्का, तो विचारतो, चहा मिळेल ना? ज्याचा डळमळीत, तो विचारतो, पाटी पितळेची आहे का?

आमचे मालक मृत्युंजय सर या दुसऱ्या जातीवर जगतात. जुन्या बाजारातून त्यांनी एक फोटो उचलून आणला. कोट, टोपी, झुपकेदार मिशा. कोण, कुठला, देव जाणे. त्याला कापडी फुलांचा हार घातला. ज्या भाडेकरूला खानदानी दिसायचं असेल, त्याच्या खोलीत तो लावायचा. सकाळी सांगोल्याच्या डाळिंबवाल्याचे आजोबा, दुपारी सिमेंटवाल्याचे चुलते. एवढं गोत बिचाऱ्याला हयातीतही लाभलं नसेल.

आम्ही सगळे हसायचो. चहापाणी बघणारी बसव्वा तेवढी हसायची नाही.

"हार घातलासा म्हंजे मेलेलं मानूस झालं की त्ये," ती म्हणायची. "कुनाचं तरी आसंल. त्याला काय वाटत आसंल?"

बसव्वा अक्कलकोटकडची. तिचं बोलणं आम्ही चहाबरोबर प्यायचो आणि विसरायचो.

मग त्या शुक्रवारी अभिमन्यू आला.

अभिमन्यू माझा मावसभाऊ. टॉवेलचे माग आहेत. माझ्या काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मानसिंगकाकांनी उभे केलेले. काका सांगोल्याकडून हात हलवत आले, दुसऱ्याच्या मागावर राबले, मग स्वतःचे घेतले. कापसाच्या तंतूंनी छाती भरली आणि तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून कारखाना आचके देत होता. पुण्याच्या एका हॉटेलवाल्यांची ऑर्डर मिळाली तर माग चालणार, नाही तर भंगारात. घरात मावशीला हे ठाऊक होतं. ती रोज काकांच्या फोटोला उदबत्ती लावून तेवढंच मागायची.

"वैजूताई, तीन नंबरची खोली दे. आणि तो फोटो," अभिमन्यू म्हणाला.

"कुठला फोटो?"

"मिशीवाला. पुण्याच्या मॅडमना जुनी घराणी आवडतात म्हणे."

"मग काकांचा आण की घरून."

तो ओशाळला नाही, हे मला जास्त लागलं.

"तो? बनियनमधला? खांद्यावर टॉवेल टाकलेला? ताई, धंदा करायचाय मला, सहानुभूती नकोय."

काकांचा तेवढा एकच फोटो आहे. मागावर उभे असताना कुणीतरी काढलेला. आयुष्यभर त्यांना स्टुडिओत जायला सवड झाली नाही. का झाली नाही, ते या शहाण्याच्या फीच्या पावत्यांना विचारा.

मी चिडले. पण पगार मृत्युंजय सर देतात. मी फोटो लावला.

निवेदिता मॅडम आल्या. सोबत त्यांचा सहकारी, कुमार. मी उठून ठरलेलं वाक्य म्हटलं. दार लागलं. मी बसव्वाला तीन चहा सांगितले.

ती ट्रे घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"ताई, चौघं हायत की आत."

"तिघं आहेत, बसव्वा."

"न्हाय वो. टोकाच्या खुर्चीमागं एक मामा हायत. उभेच हायत. बसा म्हनलं, तर बसंनात."

"कसले मामा?"

"बनियनवर हायत," ती म्हणाली. "एवढ्या एसीत..."

काका गेले तेव्हा बसव्वा आमच्याकडे कामाला नव्हती. घरचा तो बनियनमधला फोटोही तिने पाहिलेला नव्हता.

मी स्वतः चौथा कप घेऊन आत गेले.

तिघंच होते.

टोकाची खुर्ची मात्र टेबलापासून जराशी ओढलेली. आणि वास येत होता... मागाच्या तेलाचा, सुताच्या खळीचा.

अभिमन्यू टॉवेल उलगडून दाखवत होता. "पोत बघा मॅडम..."

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

कोरडा, लांबलेला खोकला. शेवटी जिभेची एक चटक, वैतागल्यासारखी.

तो खोकला मी लहानपणापासून ऐकलाय. झोपेतही ओळखेन.

"कुणाला बरं नाही का?" निवेदिता मॅडमनी विचारलं.

"एसीचा आवाज आहे," अभिमन्यू म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

मग ते सुरू झालं...

खट-खट. खट-खट. खट-खट.

माग. भिंतीपलीकडे नाही, खाली नाही. त्याच खोलीत, टोकाच्या खुर्चीपाशी. टेबलावरचे कप थरथरायला लागले.

"शेजारी कारखाना आहे का?" कुमारने विचारलं. शेजारी बँक आहे.

आणि लाईट गेली.

एसी बंद पडला. पडदे ओढलेले, खोलीत करडा अंधार. सोलापुरात शेंबडं पोरसुद्धा जाणतं, लाईट गेली की पॉवरलूम जागच्या जागी थांबतो.

हा थांबला नाही.

खट-खट. खट-खट.

अंधारात मॅडमचा आवाज आला. अगदी सहज. "हे फोटोतले तुमचे कोण?"

मी अभिमन्यूकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. त्यालाही सगळं कळलं होतं, मी देवाशपथ सांगते. फक्त 'कुणी नाही' एवढं म्हणायचं होतं. माझे वडील वेगळे होते, हे टॉवेल त्यांच्या मागांवरचे आहेत, एवढंच.

"वडील," अभिमन्यू म्हणाला. "हेच माझे वडील. संस्थापक."

आवाज थांबला.

इतका थांबला की माझे कान दुखले.

लाईट आली. मिशीवाल्याच्या फोटोवर हार नव्हता.

तो टोकाच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर होता. नीट घातलेला. खांद्यावर घालतात तसा.

बोलायचं होतं ते एकट्या अभिमन्यूने बोलायचं होतं. एक संधी अजून होती की त्याला!

अभिमन्यू उठला. हसला. "वाऱ्याने पडला वाटतं," म्हणाला. बंद खोलीत!

त्याने तो हार खुर्चीवरून काढला आणि पुन्हा त्या परक्या मिशीवाल्याच्या गळ्यात घातला.

त्या क्षणी एक थप्पड माझ्या हातातून सुटली असती. क्लायंटसमोर हात उचलायचा नाही, हा एक नियम मी पाळला. आजही त्याचा पस्तावा होतो.

तेलाचा वास गेला. खोली नुसती खोली झाली.

ऑर्डर मिळाली.

संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी निघाला, मलाही ओढून नेलं. मावशी दारातच उभी होती. माझ्या मथुराबाई मावशीला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं.

"काय करून आलास रं? कुनाफुडं काय बोललास?"

"आई, ऑर्डर..."

"आत ये. बघ."

भिंतीवर काकांचा फोटो जागच्या जागी होता. चौकट सरळ, काच सरळ, सकाळचा हार सरळ. बनियन होतं, खांद्यावर टॉवेल होता, मागे माग होता.

तोंड नव्हतं.

फोटोत काका पाठमोरे होते. मानेवरचे पिकले केस दिसत होते.

"दुपारपास्नं हाय आसं," मावशी म्हणाली. "लाईट गेलती, तवापास्नं."

पेढ्यांचा पुडा कुणी उघडला नाही.

अभिमन्यू म्हणतो, ओल लागली, फोटो खराब झाला. ओल! मेमध्ये, सोलापुरात! स्टुडिओवाल्याने काच काढून पाहिली, कागद उलटसुलट केला आणि परत देऊन टाकला. हात लावल्याचेही पैसे नकोत म्हणाला.

आता माग चालू आहेत. माल पुण्याला जातो. अभिमन्यूने नवी गाडी बघून ठेवलीय. माझ्याशी बोलतो, मी बोलत नाही. तो मिशीवाला मी स्वतः उतरवून मालकांच्या टेबलावर आपटला. नोकरी राहिली, कारण तीन नंबरची चावी घ्यायला दुसरं कुणी तयार नाही.

मावशी रोज हार बदलते. त्या पाठीशी बोलते. "वळा की आता. लेकरू हाय. चुकलं त्याचं."

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी फोटोपुढे उभी राहिले. बराच वेळ काहीतरी खटकत होतं, कळत नव्हतं.

मग कळलं...

पाठ आधीपेक्षा लहान झालीय. आधी खांदे चौकटीला टेकत होते. आता दोन्ही बाजूंना जागा आहे.

काका नुसते वळलेले नाहीत.

ते चाललेत.

मावशीला मी हे अजून सांगितलेलं नाही.