उजव्या कोपराचं ठिगळ

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या कोटाची डावी बाही कोपरापाशी लोंबत होती. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता, म्हणून आमच्या पायपुसण्यावर त्याने निदान दहा वेळा बूट पुसले. मला वाटलं, हा आत येणारच नाही, नुसते बूट पुसून निघून जाईल. मला असलं काहीतरी नेहमीच वाटत असतं. इस्त्री बंद केली का, दार नीट लागलं का, गिऱ्हाईक रागावून गेलं का... माझ्या डोक्यात काळजीचं दळण दिवसभर चालू.

दुकान मावशीचं. कपडे दुरुस्तीचं. मशीनवरची सगळी कामं ती करते आणि माझ्याकडे क्रोशाची सुई असते. जिथे कापड फाटलंय, विरलंय किंवा डाग पडलाय, तिथे मी लोकरीचं पान नाहीतर फूल विणून बसवते. बाह्यांवर, पिशव्यांवर, टोप्यांवर. ठिगळंच ती, पण मुद्दाम लावल्यासारखी दिसतात. गिऱ्हाइकं त्यांना पॅच म्हणतात. मावशी ठिगळच म्हणते.

त्याने कोट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “कुत्रा. पण चूक त्याची नाही, इंजेक्शन मी देत होतो.”

रस्त्याच्या टोकाला प्राण्यांचा दवाखाना आहे, तिथला तो डॉक्टर. रंग कोणता लावू विचारलं, तर म्हणाला की रंगातलं त्याला काही कळत नाही आणि त्याच्या पेशंटांनाही कळत नाही, तेव्हा मीच ठरवावा. मी गडद हिरवा घेतला. बारा साखळ्या घालायच्या, भोवती खांबांच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, चार फेऱ्या, दोन्ही टोकं निमुळती करायची, की कोपराएवढं पान तयार होतं. मावशीने ते बोटांनी मोजलं. सात बोटं भरलं. टेप वापरणं तिला कमीपणाचं वाटतं.

तीन दिवसांनी तो कोट घ्यायला आला आणि कोट अंगात घालून अर्धा तास बसला. मी विणत होते, तो बघत होता. मला कुणी बघत असलं की घाम फुटतो, पण त्याचं बघणं बोचत नव्हतं. मी विचारलं, “घाबरलेल्या मांजराला पकडता कसं?”

“पकडायचंच नाही. शेजारी जाऊन बसायचं आणि दुसरीकडे बघायचं.”

“आणि ते आलंच नाही तर?”

“मग अजून थोडा वेळ बसायचं,” तो म्हणाला.

तो गेल्यावर मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, आज डॉक्टरांना पेशंट कमी दिसतात. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र तापले.

दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा दारात. या वेळी उजवं कोपर फाटलेलं.

“पुन्हा कुत्रा?” मी विचारलं.

“पुन्हा... कुत्राच,” तो दोऱ्यांच्या रिळांकडे बघत म्हणाला.

मी कोट उजेडात धरला. कुत्र्याच्या दातांनी कापड फाटलं की कडेला दोरे सुटतात, कापड ओढलं जातं. इथे दोन बोटांची सरळ रेघ होती आणि कडा स्वच्छ. ही कात्री होती, आणि तीही चांगली धारेची. इतकी वर्षं कापडात हात घालून बसलेय, हे मला कळणार नाही होय? पण वाईट अर्थ काढण्यात माझं डोकं जेवढं तरबेज, तेवढंच चांगला अर्थ काढताना भित्रं. मी स्वतःला सांगितलं, खिळ्यात अडकला असेल. पिंजऱ्याच्या पत्र्याने कापला असेल.

तेवढ्यात तो म्हणाला की कोट शनिवारपर्यंत हवा. सोमवारी दुसऱ्या शहरातल्या प्राण्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याची मुलाखत होती. रविवारी आमचं दुकान बंद, म्हणून शनिवार. ते शहर रेल्वेने तीन तासांवर. नोकरी लागली तर पुढच्या महिन्यात तिकडेच राहायला जायचं. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “अरे वा.” एवढंच. याहून मूर्खपणाचं उत्तर शोधूनही सापडलं नसतं.

त्याच दुपारी दुसरं पान विणायला घेतलं. तीच लोकर, तीच सुई, बारा साखळ्या, चार फेऱ्या. विणून झाल्यावर पहिल्या पानाच्या मापाशी लावलं, तर ते सहाच बोटं. मी खांब मोजले. सगळे जागच्या जागी. उसवलं नाही, बाजूला ठेवून नवं घेतलं. ते पावणेसहा. पाणी मारून, टाचण्या टोचून रात्रभर ताणून ठेवलं, तर सकाळी टाचण्या काढल्याबरोबर आक्रसून होतं तेवढं झालं. सुई एक नंबर मोठी घेतली, तेव्हा सुई बोटांत रुतून बोटं दुखायला लागली. पान पुन्हा सहा. आणखी दोन विणली, तीही तशीच.

क्रोशा विणणाऱ्या कुणालाही विचारा, नमुना सारखा असला तरी माप हातावर असतं. जीव थाऱ्यावर असला की दोरा सैल सुटतो. मनात काही टोचत असलं की हात आवळतो, प्रत्येक खांब घट्ट बसतो, आणि पान आपोआप लहान होतं. हे मला मावशीनेच शिकवलं होतं. शुक्रवारी तिने माझ्यासमोरची पाच पानं ओळीने लावली आणि म्हणाली, “हात फार घट्ट पडतोय गं. कुणाला धरून ठेवलंयस एवढं?”

मी म्हणाले, लोकरच खराब आहे. ती म्हणाली, बरं, आणि तिने विषय सोडला. तेच जास्त झोंबलं. मला दिसत होतं की तो जाणार. न जुळणाऱ्या ठिगळांचा कोट घालून तो तिथे बसणार, ते लोक बाहीकडे बघून हसणार, त्याची नोकरी हुकणार आणि दोष माझा असणार. नाहीतर नोकरी लागणार, आणि मग तर प्रश्नच मिटला. दोन्हीकडून माझंच नुकसान. मी आणखी एक पान घेतलं. ते साडेपाच बोटं झालं.

शनिवारी संध्याकाळी तो आला. मावशीला नेमकं तेव्हाच मागे बटणं शोधायला जायचं होतं. मी कोट पुढे केला. उजवी बाही तशीच फाटकी. मग सहाही पानं काउंटरवर मांडली.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “डाव्या कोपराला पिल्लं झाली की काय?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. मी त्याला सांगितलं की लोकर तीच आहे, सुई मोठी घेऊनही बघितली, खांबही तेवढेच आहेत. फक्त हात... हात घट्ट पडतोय.

“कधीपासून?”

मी पानं पुन्हा एका ओळीत सरकवली. तो काउंटरला वळसा घालून आत आला, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि रस्त्याकडे बघायला लागला. समोरच्या छपरावरून पाणी गळत होतं, ते बघत राहिला. हा काय करतोय हे कळायला मला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मीही समोरच्या छपराकडे बघायला लागले.

“तुम्ही मुलाखतीचं सांगितलंत तेव्हापासून,” मी म्हणाले. “जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तो माझा हक्क नाही. पण तुम्ही गेलात तर मला... मला अजिबात आवडणार नाही.”

तो अजूनही रस्त्याकडेच बघत होता, पण कान लाल झाले होते. मला धीर आला. मी उजवी बाही त्याच्या मांडीवर ठेवली.

“आणि हा कुत्रा कात्री वापरतो का?”

त्याने कापलेली कड अंगठ्याने चाचपली. मग हळूच म्हणाला, “टाके कापायची कात्री आहे. मला वाटलं, ओळखू येणार नाही. डाव्या कोपराचं काम संपलं होतं ना... आता काय निमित्त काढून यायचं, हे सुचेना.”

“निदान मोठं तरी कापायचं.”

“भीती वाटली,” तो म्हणाला. “चांगला कोट आहे.”

मी बाही पुढ्यात ओढली. कापलेली रेघ दोनच बोटांची, त्यावर सर्वांत लहान पान ठेवलं. पुरून उरलं. तो शेजारी बसलेला असताना मी ते तिथेच शिवलं. डावं मोठं, उजवं छोटं. टाके सगळे वाकडे पडले. त्याला ते चालणार होतं.

रविवार आणि सोमवार कसे गेले ते मी सांगत नाही. मावशी सांगेल, मी एकच बटण चार वेळा लावलं म्हणून.

मंगळवारी दुपारी तो दारात उभा राहिला. या वेळी पायपुसण्यावर एकदाही बूट पुसले नाहीत. अंगावर तोच कोट. मी आधी दोन्ही बाह्या बघितल्या, मग खिसे, मग त्याचं तोंड. कुठेच काही फाटलेलं नव्हतं.

“निवड झाली,” तो म्हणाला. “एकाने विचारलं, कोपरं अशी वेगवेगळी का? मी म्हणालो, उजवं ज्या आठवड्यात झालं तो आठवडा फार वाईट गेला.”

मी म्हणाले, अभिनंदन. या वेळी खरंच म्हणाले.

“तीन तासांचाच रस्ता आहे,” तो म्हणाला. “तिकडे रविवारी सुट्टी असते.”

“रविवारी दुकान बंद असतं.”

“माहीत आहे. मी कोटासाठी येणारच नाहीये. तू घरी असशील ना?”

मागून मावशीच्या मशीनचा आवाज थांबला. मी मान डोलावली.

त्या संध्याकाळी एका पिशवीसाठी तेच पान विणलं. बारा साखळ्या, चार फेऱ्या. मावशीने उचलून बोटं लावली, पुन्हा लावली आणि माझ्यासमोर ठेवलं.

आठ बोटं भरलं होतं.