पिवळ्या पट्टीचा माणूस

कोरड्या तापाची तिसरी साथ आली तोवर निरगुडी शहरात प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी आली होती. घड्याळापेक्षा हलकी, अंघोळीलाही न काढायची. तिच्यात जादू वगैरे काही नव्हती. कोण कोणाजवळ किती वेळ थांबला, एवढंच ती टिपून ठेवायची. वर एक बारीक निळा दिवा असे, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

शहर बंद होऊन हिवाळा सरत आला होता. लोक पार विटून गेले होते. त्या काळी प्रत्येक शहराला एक निर्बंधाधिकारी नेमत, आणि तो त्याच गावचा असावा असा कायदाच होता. ज्याला गाव ठाऊक नाही त्याने ते बंद करू नये, हा त्यामागचा शहाणा विचार. निरगुडीची निर्बंधाधिकारी होती वैजयंती जाचक. तिच्या आधीच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या साथीत लोकांच्या दबावाखाली दिवाळीला शहर उघडलं होतं. त्यानंतर स्मशानात जी रांग लागली ती तिने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून शहर कधी उघडायचं, या प्रश्नाने तिची झोप उडाली होती.

उत्तर घेऊन आले डॉ. इक्बाल मुजावर. साथींचं गणित मांडणारा माणूस, बोलणं मात्र शाळामास्तरासारखं. वैजयंतीच्या घरीच बैठक बसली. चहा तिच्या वडिलांनी, आबांनी केला. आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चहा देऊन आत जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते तिथेच खुर्ची ओढून बसले.

“गर्दीने साथ पसरते हा आपला गैरसमज आहे,” मुजावर म्हणाले.

“मग आम्ही इतके दिवस घरात कशापायी कुजलो?” आबांनी विचारलं.

मुजावर हसले. “आबा, तुमची गल्ली घ्या. गल्लीतली माणसं फिरून फिरून एकमेकांनाच भेटतात. असा घट्ट गट म्हणजे एक पुंजका. शहर म्हणजे असे शेकडो पुंजके. ताप एका पुंजक्यात शिरला की आतल्या आत फिरतो आणि विझतो. दुसऱ्या पुंजक्यात जायला त्याला माणूस लागतो, दोन्हीकडे ऊठबस असलेला. त्याला आम्ही सेतुक म्हणतो. शहरात सेतुक फार नसतात. तेवढे घरी बसले, तर बाकीचं शहर उद्या सकाळी उघडता येईल.”

“म्हंजे नदी तशीच ठेवायची, पूल तेवढे काढायचे.”

“अगदी बरोबर.”

“मग काढा की! वाट कसली बघताय?”

वैजयंतीने विचारलं, “पण ही माणसं कोण?”

“ते मी नाही सांगणार, पट्टी सांगेल. ज्याचा दिवा पिवळा होईल तो सेतुक. हिशोब रोज नव्याने होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळे दिवे लागले. आबा दाढी करत होते. आरशात त्यांना आधी स्वतःचं मनगट दिसलं, आणि मग त्यांनी लेकीला हाक मारली.

खरं म्हणजे तिला हे कळायला पट्टीची गरजच नव्हती. गावात कुणीही गेलं की तिरडी बांधायला आबा जात. बोलावणं लागत नसे. कोणती आळी, कोणती जात, मयताशी ओळख होती की नव्हती, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. बांबू कसे निवडायचे, सुतळीची गाठ कुठे मारायची, रडणाऱ्यांपैकी कुणाला हाताला धरून बाजूला बसवायचं, सगळं त्यांना ठाऊक. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून परत येताना ते शेजारच्या बायकांना पिठलं-भाकरी न्यायची आठवणही करून देत. टाळेबंदीतही त्यांना या एका कामासाठी परवाना होता. सगळ्या शहरात जाणारा दुसरा माणूस निरगुडीत नव्हता.

“तुला सूट देता येती का गं?” आबांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी लेकीकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

येत होती. कायद्याने तिला तेवढा अधिकार होता. तिने मुजावरांना फोन लावला.

“देऊ शकता,” ते शांतपणे म्हणाले. “फक्त एवढं लक्षात घ्या, आबा हा शहरातला सगळ्यांत रुंद पूल आहे. तो उघडा ठेवलात, तर बाकीचे पाडून काही उपयोग नाही.”

वैजयंतीने सूट दिली नाही. आपल्या बापाचं अंगण बंद करून तिने शहर उघडलं, आणि त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही. आबा मात्र चिडले नाहीत. “माझ्याच तोंडानं बोललो होतो, आता कुणाला बोल लावू?” एवढंच म्हणाले. पुढे दिवा निळा झाला तरी ते घरीच राहिले; दारोदार गेले की तो पुन्हा पिवळा होणार होता.

गणित चुकलं नाही. शाळा भरल्या, बाजार फुलला, आणि ताप हटत गेला. इतर शहरांतून अधिकारी निरगुडी बघायला येऊ लागले. वैजयंतीला सत्काराच्या शाली ठेवायला कपाट पुरेना.

पण पूल पाडला तरी पलीकडे जायची गरज उरतेच. आबांच्या जागी तिरडी बांधायला विलास गुरव जाऊ लागला. त्याची पट्टी पिवळी झाली. मयताच्या घरी पिठलं घेऊन जाणाऱ्या सुमतीबाई पिवळ्या झाल्या. भावाभावांची भांडणं मिटवणारे एक निवृत्त हेडमास्तर होते, तेही झाले. सरकार अशा माणसांची बडदास्त ठेवत असे, घरपोच जेवण देई, घरातल्या या कोंडवाड्याला ‘सन्मान-निवास’ असं गोंडस नावही होतं. तरी पिवळं व्हायला कोण तयार होणार? लोक हुशार असतात. दुसऱ्याच्या दारात गेलं की आपण अडकतो, हे कुणी न शिकवता सगळ्यांना कळलं. आधी बारशाला जाणं थांबलं, मग आजाऱ्याला बघायला जाणं. मयत न्यायला नगरपालिकेची गाडी येऊ लागली. ती वेळेवर येई आणि तिच्यातली माणसं कुणाशी बोलत नसत.

मग एका सकाळी मुजावर न कळवता आले.

“आज शहरात एकही पिवळा दिवा नाही,” ते म्हणाले. “ताप संपला. सगळ्या तपासण्या मी दोनदा केल्या. निर्बंध उठवा.”

“मग तुमचं तोंड असं का उतरलंय?”

“पुंजके मोजले मॅडम. सुरुवातीला ते गल्लीएवढे होते. आता घराएवढे झालेत. काही घरांत तर खोलीएवढे.”

“उघडल्यावर जुळतील परत.”

“कसे? दोन घरं जुळायची तर आधी एकाने दुसऱ्याकडे जायला हवं. आणि सगळे वेगळे असताना जो पहिला जाईल, तोच सेतुक. त्याचा दिवा पिवळा होणारच. यात गणिताची चूक नाही. गणित बरोबर आहे, हीच पंचाईत आहे.”

वैजयंतीने थोडा विचार केला. “मग पट्ट्याच काढून टाकायला सांगते.”

त्याच दिवशी तिने आदेश काढला. निर्बंध संपले, पट्टीची सक्तीही संपली. लोकांनी आदेश वाचला, एकमेकांना पाठवला, आणि पट्टी मनगटावर तशीच ठेवली.

आबांनी तेवढी काढली. अंगणात उभं राहून कात्रीने कापली. पेठेतले शेटेमास्तर गेल्याचं त्यांना कळलं होतं. धुतलेला सदरा घालून, भाकऱ्यांचं फडकं हातात घेऊन ते निघाले तेव्हा त्यांची चाल बघून वैजयंतीचे डोळे भरून आले. आपण केलं ते बरोबर केलं, असं तिला कित्येक महिन्यांनी वाटलं.

आबा लवकरच परत आले. घरात न येता पायरीवर बसले. ती दारात आली.

“मास्तरांच्या पोरानं दार वीतभर उघडलं,” ते म्हणाले. “आधी माझ्या हाताकडं बघितलं. म्हणाला, आबा, पट्टी? म्हटलं, काढली, तसा हुकूमच आहे. तर आतूनच हात जोडले आणि दार लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, वैजू. भाकऱ्या ठिवल्या उंबऱ्यावर. गाडी आली, घेऊन गेली. खांद्याला कुणी नव्हतं.”



“जरा पाणी दे,” आबा म्हणाले.

ती आत गेली, तांब्या भरून बाहेर आली. आबांनी हात पुढे केला. मनगटावर पट्टीच्या जागी कातडीचा पांढरट पट्टा तेवढा होता. ते कुठे गेले होते ते तिला ठाऊक होतं. वाटेत कुणाजवळ थांबले, किती वेळ, हे मात्र आता सांगणारं काही नव्हतं. शहरात ताप उरलेला नाही, हेही तिला ठाऊक होतं; त्या कागदावर सही तिचीच होती. तरी तिचे पाय उंबऱ्याशी थांबले. तिने वाकून तांब्या पायरीवर ठेवला आणि ती दोन पावलं मागे सरली. आपण काय केलं ते तिला सरल्यावर कळलं.

आबांनी तांब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांनी पुढे केलेला हात हळूच मांडीवर घेतला.

“असू दे,” ते म्हणाले. “तू आत जा, म्हंजे घेतो मी.”