बॉनेटपलीकडे

"हसू नका रे," गॅरेजच्या पायरीवर बसलेल्या पोरांना मिस्त्रीकाका म्हणाले. "ज्याच्यासोबत हे घडलं तो मागच्याच गल्लीत राहतो."

गेल्या डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारची रात्र. त्या घरातला धाकटा काकांकडे प्लग खोलायचा पाना मागायला आला. त्याचा दादा तापाने जाऊन महिना झाला होता. दादाची जुनी गाडी दारात उभी. चालू केली की मिसिंग मारायची, आचके द्यायची, मागे सायलेन्सरमध्ये फाटफाट बार उडायचे. आई कान दाबून आत जायची. वडील म्हणाले होते, "उद्या भंगारवाला येतोय. तोवर नीट चालली तर ठेव."

धाकटा सीटवर बसला. दादा ताडमाड, सीट पार मागे. याचे पाय पोचेनात. सीट पुढे ओढली तेव्हा त्याला वाटलं, आपण दादालाच गाडीतून उतरवलं.

एक सिलिंडर काम करत नव्हता. कोणता, ते शोधायचं. चालू इंजिनावर प्लगची एकेक वायर काढायची. जी काढूनही आवाज बदलत नाही, तिथे खोट. पण कामाला दोघं लागतात. एरवी दादा बॉनेटखाली, धाकटा पेडलवर. दादा ओरडायचा, "रेस दे रे! हळू! पाय आहे का खांब?"

आज रेस द्यायला कोणी नाही. रबरी हातमोजा घालून वायर ओढली, की इंजिन बंद. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. पुढच्या खेपेला ते आचके देऊ लागलं तसा तो रडतच ओरडला, "दादा, रेस दे ना!"

इंजिन मरता मरता... चढलं.

हळू. एकसारखं.

उघड्या बॉनेटपलीकडचं काही दिसत नव्हतं.

पहिली वायर. आवाज अडखळला. दुसरी. अडखळला. तिसरी...

काहीच फरक नाही.

"सापडलं," तो पुटपुटला. "बंद कर."

बंद झालं.

तिसरा प्लग काजळीने काळाकुट्ट. दादाच्या डब्यातला नवा बसवला.

"मार स्टार्टर..."

इंजिन सुरू झालं. एकही बार नाही.

आता फक्त बॉनेट खाली घ्यायचं. तेच त्याच्याने होईना. ते वर आहे तोवर पलीकडे दादा असेल...

तो तसाच उभा राहिला. पेट्रोल संपून इंजिन थांबलं, तेव्हा उजाडत होतं. मग त्याने बॉनेट लावलं.

काकांनी पायरीवरच्या पोरांकडे पाहिलं.

"कोण होतं?" एका पोराने हळूच विचारलं.

"कोणी नाही. सीट तेवढी पार मागे गेली होती."

"मग?"

"गाडी राहिली. अजून चालवतो. पाठीला दोन उशा लावतो. म्हटलं, बाळा, सीट पुढे घे की. तर म्हणतो, दादाला पाय पसरायला जागा लागते."

काका चष्मा काढून पुसत बसले.