पाठीचा साचा

अंतराळवीराची पाठ ही सरकारी मालमत्ता असते, आणि त्या मालमत्तेवर सत्तावीस वर्षं माझा ताबा होता. यान परत येताना जमिनीवर आदळतं. आमचे लोक त्याला ‘अलगद उतरणं’ म्हणतात. त्या अलगदपणात कणा मोडू नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीबरहुकूम आसन करावं लागतं. पद्धत साधी. माणसाला पातळ सुती कपड्यांत टबात आडवं करायचं, भोवती कोमट प्लास्टर ओतायचं आणि ते धरेपर्यंत वीस मिनिटं हलू द्यायचं नाही. भलेभले वीर त्यात खिदळतात. रव्याच्या गरम लापशीत बसल्यासारखं वाटतं म्हणे.

मॉस्कोबाहेरच्या आमच्या कारखान्यात या कामाला दोघंच. साचा माझा, त्यावरचं अस्तर तोन्याचं. तोन्या म्हणजे तिमोफेय ग्रेबनेवची बायको. विधवा म्हटलेलं तिला चालत नसे.

तिमोफेय आठ वर्षांपूर्वी गेला. हवेची एक झडप नीट बसत नाही, असं उड्डाणाआधी त्याने लेखी कळवलं होतं. सुरक्षाप्रमुख इग्नात पेत्रोविच लुकोशिन यांनी त्या कागदावर दोन शब्द लिहिले : ‘दोष स्वीकारार्ह’. मोठा सण तोंडावर आला होता आणि वरच्यांना सणाला वीर हवा होता. यान ठरल्या जागी, ठरल्या मिनिटाला, खरोखरच अलगद उतरलं. दार उघडलं तेव्हा तिमोफेय आसनात शिस्तीत होता. आत हवा नव्हती.

चौकशीत लुकोशिननी सांगितलं, झडप हाताने बंद करायला अंतराळवीराने उशीर केला. तो कागद कुणाला सापडला नाही. आमच्या गावात वीरांचे फोटो लावलेली एक भिंत आहे. तिमोफेयच्या जागी तिथे कुंडी आली.

“मी पाणी घालते तिला,” तोन्या एकदा म्हणाली. “कुंडीचा काय दोष!”

मग नवं यान तयार झालं आणि त्यात माणसं बसवायला वरचे कचरू लागले. लुकोशिननी जाहीर केलं, यान इतकं सुरक्षित आहे की मी स्वतः जातो. वय एकोणसाठ, पण प्रकृती ठणठणीत. पाठ तर इस्त्रीच्या टेबलासारखी सपाट. मापं मीच घेतली होती.

“काय ग्लेब साव्विच, म्हाताऱ्याला उकडणार वाटतं आज?” टबात उतरताना ते म्हणाले.

“मीठ बेतानं घालतो, इग्नात पेत्रोविच. हलू मात्र नका.”

तोन्या खिडकीपाशी अस्तर बेतत होती. तिने मान वर केली नाही.

दहाएक मिनिटं गेली. लुकोशिनचा चेहरा बदलला.

“खाली काही विसरलात का? हत्यार वगैरे?”

“टब रिकामा होता.”

“टोचत नाहीये. कुणीतरी पाठीला पाठ लावून पडल्यासारखं वाटतंय.”

“प्लास्टर धरतंय, म्हणून.”

प्लास्टर धरताना गरम होतं. मी काठाशी हात लावून पाहिला. खिडकीबाहेर साचलेल्या बर्फाइतकं गार होतं.

साचा निघाला. त्यात उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता आणि कणा कमरेपाशी किंचित डावीकडे वळला होता. मी लुकोशिनना उभं करून पुन्हा मापलं. सपाट. दुसरा साचा घेतला, तोही तसाच. दुसऱ्या दिवशी नवं पोतं फोडलं, टब बदलला. तिसरा साचाही तसाच निघाला, फक्त जास्त खोल. आतला माणूस दिवसभरात आणखी ऐसपैस झाला होता.

लुकोशिन कपडे घालायला गेले तशी तोन्या उठली. हात पुसून तिने डोळे मिटले आणि खांद्यापासून कमरेपर्यंत त्या खळग्यातून तळवा फिरवला.

“लग्नाआधी पॅराशूटनं उतरताना झाडावर आदळला होता,” बाजारातले बटाट्याचे भाव सांगावेत तशी ती म्हणाली. “हाड खालीच जुळलं. नंतरचे सगळे शर्ट मी घरीच शिवले.”

नियम असा की साचा मापाशी जुळला नाही तर मी ‘नामंजूर’ लिहायचं. माझ्या सहीशिवाय कुणी उडत नाही. लुकोशिनचा जीव त्या दुपारी माझ्या पेनात होता, आणि एकदा, फक्त एकदाच, मी प्रामाणिकपणे म्हणालो, “इग्नात पेत्रोविच, जुळत नाहीये. मी नामंजूर करतो. तुम्ही जाऊ नका.”

“तारीख जाहीर झालीये. माझं हसं करताय का? फरक कितीचा?”

“दोन बोटांचा.”

“दोन बोटांनी कोण मरतं हो? लिहा, दोष स्वीकारार्ह.”

तोन्याची कात्री थांबली.

“साहेबांचं अक्षर छान आहे,” ती म्हणाली. “त्यांनाच लिहू द्या. तुम्ही फक्त सही करा, ग्लेब साव्विच.”

त्यांनी लिहिलं. मी सही केली. हात थरथरला असं इथे म्हटलं तर शोभेल, पण थरथरला नाही.

आसन तयार झालं. लुकोशिन त्यात आडवे झाले आणि तसूभरही हलले नाहीत.

“वा, अगदी छान बसतंय,” ते म्हणाले. त्यांना उठवायला मात्र दोघांना ओढावं लागलं.

उड्डाण सहा दिवसांचं होतं. चौथ्या दिवशी वरून एकच तक्रार आली : माझ्याखाली कोण आहे? डॉक्टरांनी थकवा अशी नोंद केली.

पाचव्या दिवशी तक्रार आली नाही.

यान अलगद उतरलं. दार उघडलं तेव्हा लुकोशिन आसनात हसत होते. हवा होती. सगळं शाबूत होतं.

पत्रकारांसमोर त्यांनी त्या हरवलेल्या कागदाची तारीख सांगितली. त्यावरचे दोन शब्द सांगितले. कुठल्या शेगडीत जाळला तेही सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, “लुकोशिन खुनी आहे.”

सरकारने त्यांना प्रवासाचा आजार झाल्याचं ठरवून निवृत्त केलं. भिंतीवर तिमोफेयचा फोटो लागला. तोन्याने नोकरी सोडली.

एप्रिलमध्ये केक घेऊन मी तिच्या घरी गेलो. दार लुकोशिननी उघडलं. अंगात घरी शिवलेला शर्ट, हातात अर्धवट सोललेला बटाटा.

“या, या! बूट तिथेच काढा,” म्हणत ते शीळ घालत स्वयंपाकघरात गेले.

“त्रास नाही ना काही?” मी तोन्याला हळूच विचारलं.

“छे! जेवतो, हसतो. फक्त दुपारी डोळा लागला की आतून दुसराच कुणी बोलतो. गुदमरतोय म्हणतो, बाहेर काढा म्हणतो. स्वतःचं नाव सांगून रडतो.”

“मग?”

“मग मी रेडिओ मोठा करते.”